लिंकचं थडगं, भटका गिल्गमेश आणि दर वेळी नवा सिड : रोल-प्लेइंग गेममधल्या लपलेल्या खुणा

दर्यावर्दी (धागाकर्ता)

'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेम मालिकेचा पहिला भाग जपानमध्ये १८ डिसेंबर १९८७ ला आला. त्यात एल्फ लोकांचं एक गाव आहे आणि गावात एक लहानसं स्मशान. कथेच्या ओघात तिथे जायची काहीही गरज पडत नाही. पण गेलात, आणि एका ठरावीक थडग्यासमोर उभं राहून बटण दाबलंत, तर मजकूर येतो : इथे लिंक चिरनिद्रा घेत आहे.

लिंक म्हणजे निन्टेन्डोच्या 'लेजंड ऑफ झेल्डा'चा नायक. कंपनी वेगळी, गेम वेगळा, जग वेगळं. 'झेल्डा' जेमतेम दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९८६ मध्ये आला होता. म्हणजे 'फायनल फँटसी' बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीच्या माणसांनी दुसऱ्यांच्या ताज्या, जिवंत नायकाला आपल्या जगात आणून पुरलं.

पुढची गंमत अमेरिकेतली. १९९० मध्ये हा गेम इंग्रजीत आला तेव्हा त्याच थडग्यावरचं नाव बदललेलं होतं. आता तिथे एर्ड्रिक होता, जन्म-मृत्यूच्या सालांसकट : ८३७ ते ८६६. एर्ड्रिक हा 'ड्रॅगन क्वेस्ट'मधला दंतकथेतला वीर, जपानीत ज्याला रोटो म्हणतात. 'ड्रॅगन क्वेस्ट' होता एनिक्सचा, आणि एनिक्स म्हणजे स्क्वेअरचा थेट प्रतिस्पर्धी. पण अमेरिकेत दोन्ही गेम निन्टेन्डोनेच छापले होते. 'ड्रॅगन क्वेस्ट' तिकडे १९८९ मध्ये 'ड्रॅगन वॉरियर' या नावाने आला आणि पुढे निन्टेन्डोच्या स्वतःच्या मासिकाच्या वर्गणीदारांना तो चक्क फुकट वाटला गेला. त्यामुळे एर्ड्रिक हे नाव तिथल्या पोरांच्या चांगलं परिचयाचं होतं. नंतरच्या काही आवृत्त्यांत थडगं पुन्हा लिंककडे गेलं. मधल्या काळात १ एप्रिल २००३ ला स्क्वेअर आणि एनिक्स एकत्र आले, आणि एर्ड्रिक घरातलाच झाला.

हा धागा काढण्याचं कारण असं की अशा खुणांची 'टॉप टेन' छापाची यादी जिथे तिथे सापडते, पण त्या सगळ्या एकाच पोत्यात भरलेल्या असतात. माझ्या मते त्यांत निदान तीन जाती आहेत, आणि त्यांची किंमत सारखी नाही.

पहिली जात सलामाची. लिंकचं थडगं त्यातलं. एका घराने दुसऱ्या घराला केलेला रामराम, कथेशी त्याचा संबंध नाही. 'फायनल फँटसी ९' मध्ये ट्रेनो शहरातल्या शस्त्रांच्या दुकानात एक भलीमोठी तलवार टांगलेली आहे. ती नीट पाहिली की नायक झिडेनला टोकदार केसांचा, अशीच तलवार बाळगणारा कोणीतरी आठवतो. सातव्या भागाचा नायक क्लाउड! ओळखलंत तर हसू येतं, नाही ओळखलंत तरी काही बिघडत नाही.

दुसरी जात नावाची. सिड. दुसऱ्या भागापासून (१९८८) जवळजवळ प्रत्येक 'फायनल फँटसी'त सिड नावाचा एक माणूस असतो. पण तो एकच माणूस नव्हे. चौथ्यात तो बॅरन राज्याचा हवाईजहाजं बांधणारा दाढीवाला कारागीर, सातव्यात अंतराळात जायचं स्वप्न मोडलेला तोंडाळ वैमानिक, आठव्यात बालाम्ब गार्डनचा मुख्याध्यापक, नवव्यात लिंडब्लमचा राज्यकर्ता, जो शाप लागून आधी किडा आणि मग बेडूक होतो. एकाची दुसऱ्याशी नातीगोती नाहीत. जुळतं ते एवढंच की यंत्र किंवा हवाईजहाज बहुधा याच्या आसपास असतं.

तिसरी जात खऱ्या अर्थाने परत येणाऱ्या माणसाची, आणि ती फार दुर्मीळ आहे. तिच्यासाठी गिल्गमेश हे एकच उदाहरण मला पुरेसं वाटतं.

(इथून पुढे पाचव्या आणि आठव्या भागाचे स्पॉयलर आहेत. ज्यांना खेळायचंय त्यांनी थेट खाली प्रतिसादांत उडी मारू नये, तिथेही असतील!)

'फायनल फँटसी ५' डिसेंबर १९९२ चा. गिल्गमेश त्यात एक्सडेथ या मुख्य खलनायकाचा सरदार. लाल झगा, चेहऱ्यावर रंग, आवाज मोठा. मोठ्या पुलावर तो आडवा येतो, हरायला लागतो, काहीतरी सबब सांगून पळतो. पुन्हा येतो, पुन्हा पळतो. त्या पुलावरच्या लढाईसाठी नोबुओ उएमात्सुंनी केलेली चाल आजही वाजली की ऐकणारे सरसावून बसतात. एकदा तो एक्सकॅलिबर मिळाली म्हणून मोठ्या दिमाखात वार करतो, आणि तुमचा एक, फक्त एक प्राणांक (उरलेला जीव मोजायचा आकडा) कमी होतो. तलवार नकली असते. एक्सडेथ वैतागून त्याला मितींच्या मधल्या पोकळीत फेकून देतो.

आणि मग शेवटाकडे, त्याच पोकळीत, नायकांची टोळी एका राक्षसापुढे अडकलेली असताना गिल्गमेश परत येतो. त्या चौघांशी एकेकाशी दोन शब्द बोलतो, नायक बार्ट्झला सांगतो की तुझ्याशी एकदा एकट्याने लढायचं होतं, आणि स्वतःला संपवून त्यांना वाचवतो. गेमभर ज्याला हसलो, तो असा जातो. मला तो प्रसंग त्या पिढीतल्या सगळ्या गेमांत सगळ्यात चांगला लिहिलेला वाटतो, आणि हे मी जबाबदारीने म्हणतोय.

आता आठवा भाग, १९९९. जग वेगळं, पात्रं वेगळी. सेन्ट्राच्या भग्नावशेषांत तुम्ही ओडिन या योद्ध्याला जिंकून घेतलेलं असेल, तर तो अधूनमधून लढाईच्या सुरुवातीलाच येऊन सगळ्या शत्रूंना एका घावात कापतो. तिसऱ्या डिस्कवर सायफर या प्रतिस्पर्ध्याशी लढताना ओडिन असाच येतो, आणि सायफर त्यालाच मधोमध चिरतो. खेळणारा सुन्न. ओडिनची तलवार हवेत फिरत जाते, कुठूनसा एक हात येऊन ती पेलतो. लाल झगा, कित्येक हात, आणि तेच ते बेअरिंग. गिल्गमेश. मेला असं वाटलं होतं, पण पाचव्या भागात जिथे फेकला गेला होता त्या पोकळीतून वाट काढत काढत इथे पोचलेला. त्यानंतर ओडिनच्या जागी हाच येत राहतो, चारपैकी कुठलीही एक तलवार काढतो, आणि त्यांत ती नकली एक्सकॅलिबरही असते. तिचा वार अजूनही एकच प्राणांक घेतो.

त्याचं येणं कथेतच पेरून ठेवलेलं आहे. तो मितींच्या फटीत पडलाय, म्हणून तो कुठल्याही जगात उगवू शकतो. गेम बनवणाऱ्याला आठवण झाली म्हणून त्याला आणलाय असं वाटत नाही. तो चालत चालत आलाय असं वाटतं.

यावर तुम्हाला काय वाटतं? आणि 'फायनल फँटसी'च्या बाहेर अशी, तिसऱ्या जातीची माणसं कुठे भेटली?

रात्रपाळी

वा! वाचनखूण साठवली.

बिग्ज आणि वेज राहिले की हो. 'स्टार वॉर्स'मधल्या दोन वैमानिकांची नावं. सहाव्या भागाच्या (१९९४) सुरुवातीला बर्फात टेराबरोबर यंत्रचिलखतात बसून येणारे दोन शिपाई, ते हेच. पहिल्या अर्ध्या तासात गायब होतात. सातव्यात अॅव्हलांच या बंडखोर टोळीत, जेसीबरोबर. तिथेही सेक्टर सातच्या खांबापाशी जे होतं ते होतंच.

पण आठव्यात मला ते सगळ्यात आवडतात. तिथे ते शत्रूचे अधिकारी. डॉलेटच्या मनोऱ्यावर मार खातात, त्याबद्दल त्यांची पदावनती होते. मग तुरुंगात पुन्हा तुमच्या हातचा मार खातात. तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा लढतच नाहीत, नोकरीला रामराम ठोकून चालते होतात. दर भागात मरणारी ही जोडी इथे राजीनामा देऊन वाचते. आधीचे भाग खेळलेल्याला त्यात जे समाधान मिळतं ते नव्याला नाही मिळणार. मग ही तुमची दुसरी जात की पहिली?

खडूफळा

लेख उत्तम, पण सिडवर अन्याय झालाय. जोरदार असहमती नोंदवतो.

तुम्ही म्हणता सिड हे फक्त नाव. मला वाटतं ती एक गादी आहे. माणूस बदलतो, गादी चालू राहते. आणि म्हणूनच लेखकांना तिच्याशी खेळता येतं. दहा भाग खेळलेल्या माणसाच्या मनात सिड म्हणजे विश्वासाचा माणूस हे पक्कं बसलेलं असतं : जहाज देणार, दोन शिव्या हासडणार, वेळेला धावून येणार. या भरवशावर बाराव्या भागात (२००६) डॉक्टर सिड येतो. साम्राज्याचा शास्त्रज्ञ, तुमच्याच टोळीतल्या बाल्थियरचा बाप, हवेत कोणाशी तरी बोलत फिरणारा, आणि तुमचा शत्रू. यंत्रांचा नाद तोच, हवाईजहाजांशी नातं तेच, पण आता ते सगळं तुमच्या विरोधात. नाव सिड नसतं तर तो नुसता एक विक्षिप्त शास्त्रज्ञ राहिला असता. बाल्थियरसारखा देखणा हवाईचाचा सिडच्याच घरातून पळालेला असावा, हे कळलं तेव्हा मी पॅड बाजूला ठेवून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

आणि सहाव्या भागाचा सिड? जग उद्ध्वस्त झालंय, सेलेस ही नायिका एका बेटावर जागी होते, आणि तिथे तिच्याशिवाय फक्त आजारी सिड. ती त्याला आजोबा म्हणते. रोज किनाऱ्यावर जाऊन मासे पकडायचे आणि त्याला भरवायचे. चपळ पोहणारा मासा चांगला, सुस्त मासा त्याची तब्येत बिघडवतो. हे गेम तुम्हाला कुठेही समजावून सांगत नाही. त्यामुळे पहिल्यांदा खेळणाऱ्या बहुतेकांच्या हातून तो मरतो. मग सेलेस कड्यावर जाते... पुढचं लिहीत नाही.

हा माणूस सहाव्या भागातल्या जादू-सैनिकी प्रयोगांचा जनक आहे. सेलेसच्या अंगात जादू याच्याच प्रयोगांतून आली. म्हणजे यंत्राचा माणूस ही गादी इथे अपराधाची गादी झालीय. चौथ्या भागातला गमत्या कारागीर आठवत असेल तर बेटावरचा हा म्हातारा जास्त जड जातो.

तर नाव परत येणं हे माणूस परत येण्यापेक्षा कमी, असं मी मानत नाही.

दर्यावर्दी

@रात्रपाळी, बिग्ज-वेज दुसऱ्या जातीतच. पण तुमचा राजीनाम्याचा मुद्दा मस्त. चौदाव्या, ऑनलाइन भागात ते दोघे सिड गारलंडच्या कारखान्यात कामाला आहेत. बिग्ज धिप्पाड, वेज ठेंगणा. तिथे त्यांना दीर्घायुष्य मिळालंय.

@खडूफळा, बाराव्या भागाबद्दल पूर्ण सहमत, आणि गादी हा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा असा आहे. तरी एक फरक उरतो. सिडमधून मिळणारा आनंद हा खेळणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो, पात्राला त्याचा पत्ता नसतो. बाराव्यातल्या सिडला चौथ्यातला सिड माहीत नाही. गिल्गमेशला मात्र माहीत आहे की आपण कुठून आलो. ओझं तो स्वतः वाहतो.

बारावा भाग निघालाच आहे तर : लुसूच्या खाणीत एक वैकल्पिक शिकार आहे, तिचं नावच 'मोठ्या पुलावरची लढाई'. गिल्गमेश पुलावर उभा असतो, शेजारी त्याचा एन्किडू (मेसोपोटेमियाच्या महाकाव्यात उरुकचा राजा गिल्गमेश आणि त्याचा जिवलग एन्किडू, तीच जोडी), आणि चाल तीच, नव्या साजात. त्याच्या हातातल्या तलवारी एकेक करून पाहा, जुन्या भागांतल्या प्रसिद्ध तलवारींच्या नकला आहेत. पाचव्या भागात त्याच्याकडून गेन्जी नावाचं चिलखत तुकड्यातुकड्याने चोरता यायचं. इथेही येतं. चौदा वर्षांनी त्याच माणसाचा तोच खिसा कापायला मिळतो!

शिवाय बाराव्या भागात एक तलवार आहे, जपानीत तिचं नाव 'तोरो'ची तलवार. 'रोटो' उलटा वाचा. थडग्यावरच्या त्याच वीराला पुन्हा सलाम, आणि आता दोन्ही कंपन्या एक झालेल्या.

मनमाड जंक्शन

नावं उलटी करण्याची चाल बरीच जुनी आहे. १९८१ च्या 'विझर्ड्री'तला दुष्ट जादूगार वर्डना म्हणजे अँड्र्यू, आणि वेडा राजा ट्रेबोर म्हणजे रॉबर्ट. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड, गेम लिहिणारे दोघे. 'अल्टिमा'त तर रिचर्ड गॅरियट स्वतःच लॉर्ड ब्रिटिश होऊन भागामागून भाग राज्य करत बसले. 'ड्रॅगन क्वेस्ट' बनवणारे युजी होरी या दोन्ही गेमांचे भक्त. तिकडूनच हे पाणी वाहत आलंय.

कृष्णाकाठ

गेम मी एवढे खेळलेले नाहीत, मुलगा खेळतो, मी शेजारी बसून बघते. तरी लिहावंसं वाटलं, कारण दर्यावर्दींचा मुद्दा मला महाभारतातून ओळखीचा वाटला.

वनपर्वात भीम द्रौपदीसाठी सौगंधिक फुलं आणायला गंधमादनावर जातो. वाटेत एक म्हातारा वानर शेपूट आडवी टाकून पडलेला. भीम म्हणतो बाजूला हो, तो म्हणतो माझ्याच्यानं होत नाही, तूच सरकव. भीमाला ती शेपूट हलवता येत नाही. तो मारुती असतो, रामायणातला, वायूचा मुलगा म्हणून भीमाचा थोरला भाऊ. एका कथेतला माणूस दुसऱ्या कथेत जसाच्या तसा येतो, आधीची सगळी आठवण घेऊन. जांबवानही तसाच. स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी लढतो तो रामाच्या सैन्यातला जांबवान.

आणि त्यांचं येणं कीर्तनकाराला हवं म्हणून झालेलं नाही, तुम्ही म्हणता तसं ते कथेतच पेरलेलं आहे. मारुती चिरंजीव आहे, त्याला जाता येत नाही. अश्वत्थामाही चिरंजीव, पण शापाने. आमच्याकडे नंदुरबारच्या बाजूला अस्तंबा डोंगरावर दिवाळीत यात्रा भरते ती अश्वत्थाम्याचीच. लोक मानतात की तो अजून त्या रानात फिरतोय, जखमेसाठी तेल मागतो. तुमचा पोकळीत फेकलेला गिल्गमेश मला या अश्वत्थाम्याच्या जवळचा वाटला. एकाच्या वाट्याला विनोद आला, दुसऱ्याच्या वाट्याला भळभळती जखम, पण दोघांनाही थांबायची परवानगी नाही.

मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, आई, मग मारुती-भीम हे सगळ्यात जुनं क्रॉसओव्हर.

दर्यावर्दी

कृष्णाकाठ, दंडवत! हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे. चिरंजीव ही कल्पना म्हणजे परत येण्याचा कथेनेच दिलेला परवाना, हे असं मला सुचलं नव्हतं.

बोरिवली फास्ट

चिरंजीवावरून मिन्स्क आठवला. 'बॉल्डर्स गेट'वाले कोणी आहेत का इथे?

मिन्स्क पहिल्या भागात (१९९८) येतो. प्रचंड देहाचा, मनाने लहान मुलासारखा योद्धा, आणि त्याच्या खांद्यावर बू नावाचा हॅमस्टर. मिन्स्कच्या म्हणण्यानुसार बू हा 'लघु महाकाय अंतराळ हॅमस्टर' आहे. हा शब्दप्रयोग त्याने मनाने काढलेला नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळाच्या 'स्पेलजॅमर' या अंतराळातल्या जगात महाकाय अंतराळ हॅमस्टर खरोखरच आहेत. म्हणजे वेडा वाटणारा माणूस कदाचित खरं बोलतोय! बू खरंच तसा आहे की साधा उंदीर, हे कोणीच ठामपणे सांगत नाही.

दुसऱ्या भागातही (२०००) मिन्स्क आहे. मग तिसरा भाग आला २०२३ मध्ये, दुसऱ्या कंपनीकडून, आणि कथेतला काळ पहिल्या भागानंतर सव्वाशे वर्षांचा. जाहेरा ही जुन्या भागांतली सोबतीण अर्धी-एल्फ असल्यामुळे तिचं जिवंत असणं पटतं. ती म्हातारी, थकलेली, तरी तिखट. पण मिन्स्क माणूस. तो कसा उरला? तर मधल्या काळात निघालेल्या कॉमिक्समध्ये तो बॉल्डर्स गेट शहरातला पुतळा झालेला दाखवला होता, आणि तिथे त्याचा पुन्हा माणूस झाला. म्हणजे गेमच्या बाहेर घडलेलं पुन्हा गेममध्ये आलं. पोकळी नाही, शाप नाही, पण दगड. पेरलेलं कारण आहेच.

तिसऱ्या भागात तो भेटतो तेव्हा जाहेरा बरोबर असावी असं मी सगळ्यांना सांगतो. ती त्याच्याशी ज्या स्वरात बोलते त्यात जुने दोन्ही गेम आहेत. ते खेळलेला नसेल त्यालाही एवढं कळतं की या दोघांचं काहीतरी फार जुनं आहे.

आणि सलामाचं उदाहरणही याच घरातलं : बायोवेअरने 'मास इफेक्ट २' (२०१०) मध्ये सिटाडेल या अंतराळस्थानकावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात अंतराळ हॅमस्टर विकायला ठेवलाय. विकत घेतला की तो नायक शेपर्डच्या केबिनमध्ये पिंजऱ्यात राहतो. काहीही उपयोग नाही. तरी मी प्रत्येक वेळी घेतो.

तांबडी माती

पॅचेस! पॅचेस कोणीच कसा काढला नाही?

'डेमन्स सोल्स' (२००९), 'डार्क सोल्स' (२०११), 'ब्लडबोर्न' (२०१५), 'डार्क सोल्स ३' (२०१६), 'एल्डन रिंग' (२०२२). टकला, गोड बोलणारा. खड्ड्याच्या काठावर उभं करून म्हणणार, खाली खजिना आहे, बघा तर. वाकलात की पाठीत लाथ. 'ब्लडबोर्न'मध्ये तर त्याला कोळ्याचं अंग आहे, चेहरा तेवढा तोच. आणि पुन्हा भेटला की सारवासारव करून दुकान मांडून बसतो. मारायची संधी असते, पण बहुतेक जण मारत नाहीत, कारण त्याच्याकडचा माल हवा असतो. हे गेम करणाऱ्या हिदेताका मियाझाकींच्या जगांत बहुतेक जण वेडे होतात किंवा मरतात. हा तेवढा हातीपायी धड राहतो.

तो एकच माणूस आहे का? बहुतेक नाही. पण 'डार्क सोल्स ३'चा जो शेवटचा पुरवणी भाग आहे, 'रिंग्ड सिटी', त्यात लॅप नावाचा एक चिलखतधारी भेटतो. त्याची स्मृती गेलेली आहे. सज्जन, तुमच्याबरोबर मद्य पिणारा, मदत करणारा. तुम्ही त्याला स्मृती परत मिळवून देणारं स्मारक शोधून देता. आठवण येते. आणि मग एका कड्यावर, मागून, ती ओळखीची लाथ बसते.

मी खाली पडताना आनंदाने ओरडलो होतो. जगाचा अंत झालाय, सगळं राख झालंय, आणि हा माणूस पुन्हा 'तो' झाला.

दर्यावर्दींची विभागणी इथे जरा डळमळते, असं मला वाटतं. पॅचेस प्रत्येक जगात नवा आहे, सिडसारखा. पण स्वभाव इतका पक्का की तो गिल्गमेशसारखा वाटतो. नाव, चेहरा, आवाज आणि लाथ, चारही एकत्र परत येतात.

खडूफळा

+१. लाथेची गादी. माझा मुद्दा सिद्ध झाला!

मुंगूस

उलट्या दिशेने जाणारा एक आहे : 'एल्डर स्क्रोल्स'मधला म'ऐक, ज्याला थापाड्या म्हणतात. मांजरासारख्या खाजीट जमातीचा. 'मोरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६), 'स्कायरिम' (२०११), सगळ्यांत. 'मोरोविंड'मध्ये एका आडबाजूच्या बेटावर, 'स्कायरिम'मध्ये रस्त्याने चालता चालता अवचित भेटतो.

तो बोलतो ते वरवर खेळातल्या जगाबद्दल, पण खरं म्हणजे चाहत्यांनी केलेल्या मागण्या आणि तक्रारींना उत्तर देत असतो. लोक विचारत, ड्रॅगन का नाहीत. 'मोरोविंड'मध्ये तो सांगतो की ड्रॅगन सगळीकडे आहेत, दिसायला मात्र खूप उंच उडावं लागतं. त्या गेममध्ये हवेत तरंगण्याची जादू होती, त्यामुळे खरोखर किती जण वर उडत गेले असतील! नऊ वर्षांनी 'स्कायरिम'मध्ये ड्रॅगन आकाशातून खाली आलेच.

तोच का तो, हा प्रश्न त्यानेच निकालात काढलाय. 'ऑब्लिव्हियन' आणि 'स्कायरिम' या दोन गेमांत दोनशे वर्षांचं अंतर असल्यामुळे तो सांगून टाकतो की त्याच्या बापाचं नाव म'ऐक, आजोबांचंही म'ऐक. म्हणजे सिडची गादी कथेच्या आतच घातली. खडूफळांना आवडेल.

रात्रपाळी

कुठल्याच यादीत सहसा न येणारी माझी आवडती खूण सांगतो. सातव्या भागात क्लाउड मिडील गावात चाकाच्या खुर्चीत असतो, शुद्ध हरपलेली, तोंडाने काहीतरी असंबद्ध पुटपुटतोय. त्या बरळण्यात एक शब्द येतो : झेनोगिअर्स. तेव्हा 'झेनोगिअर्स' बाहेर आलाच नव्हता, तो आला १९९८ मध्ये. पण मुळात तेत्सुया ताकाहाशी आणि सोराया सागा यांनी ती कल्पना सातव्या 'फायनल फँटसी'साठीच मांडली होती. स्क्वेअरने ती वेगळा गेम म्हणून करायला दिली. म्हणजे क्लाउडच्या तोंडी आलेला शब्द हा त्याच्याच गेमच्या न झालेल्या रूपाचा आहे.

पुढे 'झेनोगिअर्स'मध्ये सुरुवातीच्या गावात स्क्वेअरच्याच 'क्रोनो ट्रिगर' या गेमची लुक्का भेटते आणि गेम सेव्ह कसा करायचा ते समजावते. त्या काळी एकाच कंपनीत बसून वेगवेगळे गेम करणारी ही माणसं एकमेकांच्या कामात अशी डोकावत होती.

सातव्या भागाचा क्लाउडही त्याच वर्षी, १९९७ मध्ये, 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'मध्ये येतो. दुसऱ्या जगातून ओढून आणलेला, गोंधळलेला, पहिल्या पातळीवर. एक फुलं विकणारी मुलगी भेटते, नाव एरिथ, सातव्या भागात त्याने गमावलेल्या मुलीचंच. दर्यावर्दी, हा तिसऱ्या जातीत घ्यायला हरकत नसावी. यंत्राने ओढून आणलं हे कारण कथेतच दिलंय.

दर्यावर्दी

घेतला. क्लाउडची ती एन्ट्री मी सलामात टाकून दिली असती, पण एरिथ नावाची मुलगी समोर आल्यावर तो जसा चरकतो, त्यात सातव्या भागाचं सगळं दुःख आहे. तेवढ्यासाठीही तो तिसऱ्यात बसतो.

तांबडी माती, पॅचेसबद्दल तुमचं बरोबर आहे, माझ्या रकान्यांत तो मावत नाही. आणि गिल्गमेशच्या बाबतीतही पंधराव्या भागाच्या 'एपिसोड ग्लॅडिओलस' (२०१७) मधला गिल्गमेश हा नावापुरताच. पहिल्या राजाचा प्राचीन रक्षक, गंभीर, एकही विनोद नाही. चाल मात्र तीच, त्यामुळे लढाई सुरू झाली की अंगावर काटा येतोच. म्हणजे चालही परत येणारं पात्र आहे असं म्हणायला हवं.

मूळ मुद्द्यात एक गोष्ट सांगायची राहिली होती. अमेरिकेत 'फायनल फँटसी ५' सुपर निन्टेन्डोच्या काळात आलाच नाही. अधिकृत इंग्रजी आवृत्ती आली ती १९९९ च्या शरदात, आठव्या भागानंतर साधारण महिन्याभराने. त्याआधी काही चाहत्यांनी स्वतः भाषांतर करून ते नेटवर टाकलं होतं, तेवढंच. म्हणजे सायफरच्या लढाईत लाल झगेवाला प्रकट झाला तेव्हा इंग्रजीत खेळणाऱ्या बहुतेकांना तो कोण हे माहीतच नव्हतं! आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीड्यांवर हे गेम ज्यांनी खेळले त्यांचीही तीच गत. तरीही तो प्रसंग चालतो. कोणीतरी प्रचंड माणूस कुठल्या तरी दुसऱ्या गोष्टीतून इथे आलाय एवढं न सांगता कळतं. मग कधीतरी पाचवा भाग खेळताना पुलावर तोच लाल झगा दिसतो आणि अर्धी राहिलेली ओळख पूर्ण होते, उलट्या क्रमाने.

पावसाळी चप्पल

सुंदर धागा. मी यातलं काहीच खेळलेलं नाही, पण आता गिल्गमेशसाठी खेळायचंय. आधी पाचवा की आधी आठवा? आणि ओडिन हुकला तर?

दर्यावर्दी

आधी पाचवा. पिक्सेल रीमास्टर आवृत्ती संगणकावर आणि फोनवर मिळते, तीच घ्या. मोठ्या पुलापर्यंत यायला वेळ लागतो, घाई करू नका. त्याच्याकडून गेन्जी चोरायचं असेल तर टोळीत एक तरी चोर ठेवा.

मग आठवा. बालाम्ब गार्डन फिरतं झालं की सेन्ट्राच्या भग्नावशेषांत जाता येतं. आत शिरल्याबरोबर वीस मिनिटांचं घड्याळ सुरू होतं, त्या वेळेत शिड्या, कोडं आणि ओडिन तिन्ही उरकायचं. ओडिन स्वतः वार करत नाही, वेळ संपेपर्यंत नुसता उभा असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. हे तिसऱ्या डिस्कवरच्या सायफरच्या लढाईआधी झालं पाहिजे. ओडिन नसेल तर ती लढाई साधीच होते आणि गिल्गमेश त्या गेममध्ये कधीच येत नाही. म्हणून ती लढाई जिथे होते त्या लुनॅटिक पँडोरात पाऊल टाकण्याआधी वेगळा सेव्ह ठेवा.

पावसाळी चप्पल

धन्यवाद! पाचवा आजच घेतला. पुलावर पोचले की इथे येऊन लिहिते.